सॉफ्टवेअर इंजिनिअर घडतो कुठे? छंद, स्वयंपाकघर, मैदान आणि कोडिंग



"मोठेपणी कोण होणार?" असं तिसरी-चौथीच्या वर्गात विचारलं, की पूर्वी डॉक्टर, पोलीस, शिक्षक अशी उत्तरं यायची. आता त्यात "सॉफ्टवेअर इंजिनिअर" हे उत्तर हमखास असतं. त्या इंजिनिअरचं चित्र काढा म्हटलं तर मुलं काय काढतात? एक टेबल, एक लॅपटॉप, डोळ्यांवर चष्मा आणि खाली घातलेली मान. बस्स!

गंमत म्हणजे आपल्या मोठ्यांच्या डोक्यातही हेच चित्र असतं. त्यामुळे मूल जरा हुशार दिसलं की घरात काही निर्णय होतात. संध्याकाळचं खेळणं कमी. चित्रकलेची वही कपाटात. स्वयंपाकघरात लुडबुड नको. त्याऐवजी कोडिंगचा क्लास आणि त्याची भलीमोठी फी. हेतू चांगलाच असतो, पण आपण बंद काय करतोय हे एकदा नीट बघायला हवं. कारण कोडिंगला जी विचार करण्याची पद्धत लागते, ती लहानपणी छंदात, स्वयंपाकघरात आणि मैदानातच रुजते. तीच काढून घेतली तर मूल लॅपटॉपवर बटणं दाबायला शिकेल, विचार करायला शिकेलच असं नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही कोडिंगचा उल्लेख माध्यमिक-पूर्व टप्प्यात, म्हणजे सहावी ते आठवीसाठी आहे. त्याआधीच्या वर्षांत पाया घालायचा असतो. तो कसा, ते चार भागांत पाहू.

१) छंद : रिकाम्या वेळात जन्मलेली भाषा

आज जगभर शिकवली जाणारी 'पायथन' ही संगणकाची भाषा कशी सुरू झाली माहीत आहे का? नेदरलँड्सचे गुइडो व्हॅन रॉसम हे प्रोग्रामर १९८९ च्या डिसेंबरमध्ये नाताळच्या सुट्टीत होते. ऑफिस बंद, घरी संगणक. हाताला काहीतरी काम हवं, म्हणून त्यांनी छंद म्हणून एक नवी भाषा लिहायला घेतली. नावही अजगरावरून ठेवलेलं नाही बरं का! त्यांच्या आवडीच्या 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून ते घेतलेलं आहे.

दुसरं उदाहरण लिनस टॉरवाल्ड्स यांचं. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी येथे शिकत असलेल्या या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स तयार करायला घेतलं. हे आपण फक्त छंद म्हणून करतोय, असंच त्याने सुरुवातीला लोकांना कळवलं होतं. आज आपल्या हातातल्या प्रत्येक अँड्रॉइड मोबाइलच्या मुळाशी हेच लिनक्स आहे. पुढे त्यांना समुद्रात खोल डुबकी मारण्याचा छंद जडला, तर डुबक्यांची नोंद ठेवण्यासाठीही त्यांनी प्रोग्राम लिहिला. म्हणजे एक छंद दुसऱ्या छंदाच्या कामी आला.

आता लहान मुलाचं उदाहरण घेऊ. मुलांसाठीची 'लोगो' ही संगणकाची भाषा १९६७ मध्ये तयार झाली. ती तयार करणाऱ्यांपैकी एक सीमोर पेपर्ट. त्यांनी १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकाच्या सुरुवातीला लिहिलं आहे, की अगदी लहानपणी त्यांना गाडीच्या दातेरी चाकांचं वेड होतं. पुढे गणितातले पाढे आणि समीकरणं त्यांना त्या चाकांच्या रूपात दिसू लागली आणि गणित आपलंसं झालं.

आपल्या वर्गातही अशी 'चाकं' असतात. कोणी ठिपक्यांची रांगोळी काढतं, कोणी सायकलची चेन काढून बसवतं, कोणी काड्यापेट्या जमवून त्यांचे गट करतं. ठिपक्यांची रांगोळी घ्या. ठिपके मोजून मांडणे, एक आकार पुन्हा पुन्हा काढणे, चारही बाजूंनी सारखेपणा राखणे. हे सगळं प्रोग्रामरला रोज लागतं. तेव्हा मुलाला छंदासाठी रोज थोडा मोकळा वेळ असू द्या आणि त्या वेळेत "याचा अभ्यासाला उपयोग काय?" हा प्रश्न विचारू नका. उपयोग नंतर कळतो.

२) जेवण : चवीपुरतं मीठ म्हणजे नेमकं किती?

कोडिंग म्हणजे संगणकाला पायऱ्या-पायऱ्यांनी दिलेल्या सूचना. सूचनांच्या अशा क्रमाला अल्गोरिदम म्हणतात. शब्द जड आहे, वस्तू मात्र घरातलीच आहे. पाककृती हा अल्गोरिदमचा सगळ्यात जवळचा नातेवाईक.

पण एक फरक आहे. डोनाल्ड कनूथ यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग' या ग्रंथमालेचा पहिला खंड १९६८ मध्ये निघाला. त्यात त्यांनी अल्गोरिदमची तुलना पाककृतीशी केली आणि पाककृती कुठे कमी पडते तेही दाखवलं. "चिमूटभर मीठ" म्हणजे नेमकं किती आणि ते कुठे टाकायचं, हे पाककृती सांगत नाही. आपल्याकडे तर "चवीपुरतं मीठ", "अंदाजाने पाणी" हेच चालतं! आईच्या हाताला अंदाज असतो. संगणकाला जीभही नाही आणि अंदाजही नाही. त्याला सगळं नेमकं सांगावं लागतं.

हा उपक्रम वर्गात घेऊन बघा. मुलांना कांदेपोहे करण्याच्या सूचना लिहायला सांगा. मग शिक्षकाने 'संगणक' व्हायचं आणि लिहिलं आहे तेवढंच करायचं, अर्थात खोटं खोटं. "पोहे भिजवा" असं लिहिलं असेल तर विचारायचं, "किती वेळ? पाणी निथळायचं का?" कोणी तेल तापवायच्या आधीच मोहरी टाकलेली असते. कोणी गॅस बंद करायलाच विसरतं. वर्ग हसतो, पण त्या हसण्यातच दोन गोष्टी मनात पक्क्या बसतात. क्रम महत्त्वाचा आणि नेमकेपणा महत्त्वाचा.

स्वयंपाकघरात कोडिंगच्या आणखी दोन कल्पना सहज सापडतात.

अट : "मोहरी तडतडली, तरच मिरची टाका." कोडिंगमध्ये 'जर-तर' म्हणतात ते हेच.

पुनरावृत्ती : "कणीक संपेपर्यंत गोळा घ्या, लाटा, शेका." दहा पोळ्यांसाठी दहा वेळा तीच सूचना लिहायची गरज नाही. यालाच लूप म्हणतात.

इंजिनिअर आणि खाण्यापिण्याचा एक खरा किस्सा मुलांना फार आवडतो. इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठात संगणक विभागातल्या लोकांसाठी कॉफीचं एकच भांडं होतं. लांबून जिने चढून-उतरून यावं, तर भांडं रिकामं! म्हणून १९९१ मध्ये त्यांनी भांड्यासमोर कॅमेराच लावला. जागेवर बसूनच कॉफी आहे की संपली ते दिसू लागलं. १९९३ पासून हे चित्र इंटरनेटवर जगभरातून दिसायचं. जगातला पहिला वेबकॅम म्हणून हाच ओळखला जातो. तो २००१ मध्ये बंद झाला. रोजच्या छोट्या अडचणीकडे बघून "यावर काही करता येईल का?" असं विचारणं, ही इंजिनिअरची सुरुवात. डबा, पाण्याची बाटली, चपलांचा ढीग, दप्तराचं ओझं. मुलांच्या आजूबाजूलाही अशा अडचणी भरपूर आहेत. त्यांना उत्तरं शोधू द्या.

३) खेळ : मैदान हीसुद्धा वर्गखोलीच

सौरभ नेत्रावळकर हे नाव आपल्यापैकी अनेकांनी जून २०२४ मध्ये पहिल्यांदा ऐकलं. मुंबईत वाढलेला हा मुलगा २०१० मध्ये भारताकडून १९ वर्षांखालील विश्वचषक खेळला, मुंबईकडून रणजी सामनाही खेळला. त्याचबरोबर त्याने मुंबईत संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली. क्रिकेटच्या कामगिरीचं विश्लेषण करणारं 'क्रिकडिकोड' नावाचं अ‍ॅपही त्याने बनवलं. २०१५ मध्ये पुढच्या शिक्षणासाठी तो अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गेला आणि नंतर ओरॅकल या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर झाला.

क्रिकेट मात्र सुटलं नाही. ६ जून २०२४ रोजी टी-ट्वेंटी विश्वचषकात डॅलसला अमेरिकेचा पाकिस्तानशी सामना बरोबरीत सुटला. सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेने १८ धावा केल्या आणि चेंडू सौरभच्या हाती आला. त्याने पाकिस्तानला १३ धावांवर रोखलं. सहा दिवसांनी न्यूयॉर्कला भारताविरुद्ध त्याने विराट कोहली आणि रोहित शर्मा या दोघांनाही बाद केलं. नोकरी करून खेळणारा हा इंजिनिअर उकुलेले वाजवून गातोसुद्धा!

प्रत्येक मूल सौरभ होणार नाही, हे उघड आहे. पण "खेळ किंवा अभ्यास" यातलं एकच निवडावं लागतं असं नाही, हे दाखवायला हे उदाहरण पुरेसं आहे.

आता आपल्या शाळेच्या मैदानावर येऊ. खो-खो बघा. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली, की खांबापर्यंत त्याला मागे फिरता येत नाही. बसलेल्या गड्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. पलीकडच्या बाजूला पळायचं असेल, तर तिकडे तोंड करून बसलेल्यालाच खो द्यावा लागतो. म्हणजे धावता धावता मूल क्षणात तीन-चार 'जर-तर' सोडवत असतं. क्रिकेटमध्ये सहा चेंडूंचं एक षटक आणि अशी वीस षटकं, म्हणजे १२० चेंडू. पुनरावृत्तीच्या आत पुनरावृत्ती! गुणाकाराचा पाठ घेताना हे उदाहरण जरूर वापरा.

खेळातून आणखी एक गोष्ट मिळते. हरल्यावर रडून झालं की मूल विचारतं, "कुठे चुकलं?" प्रोग्रामरचा बराचसा दिवस याच प्रश्नात जातो.

४) कोडिंग : चूक शोधण्याचा आनंद

प्रोग्राममधल्या चुकीला 'बग' म्हणजे किडा म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या 'मार्क टू' या संगणकात खरोखरच एक पतंग सापडला. लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. बग हा शब्द त्याआधीही वापरात होता, म्हणून तर त्यांना त्या प्रसंगाची गंमत वाटली. या किश्श्यातून मुलांना एकच सांगायचं. चूक लपवायची नसते, शोधून वहीत नोंदवायची असते.

संगणकाशिवाय कोडिंग शिकवायचा सोपा मार्ग म्हणजे कासवाचा खेळ. 'लोगो' भाषेत पडद्यावरचं कासव सूचनेप्रमाणे चालतं आणि मागे रेघ उमटते. आपण एका मुलालाच कासव करायचं आणि हातात खडू द्यायचा.

चौरसासाठी सूचना : "५ पावलं पुढे जा, उजवीकडे काटकोनात वळ." हेच ४ वेळा.

पाचवीच्या मुलांना कोन माहीत असतात. त्यांना तीन सारख्या बाजूंचा त्रिकोण काढायला सांगा. मुलं आधी म्हणतील, "६० अंशात वळ." कासव तसं वळलं की त्रिकोण काही बंद होत नाही! इथे उत्तर सांगू नका. कासव झालेल्या मुलालाच विचारा, "तू किती वळलास?" हळूहळू लक्षात येतं, की ६० अंश हा त्रिकोणाच्या आतला कोन आहे, पण कासवाला बाहेरून १२० अंश वळावं लागतं. हा शोध मुलांनी स्वतः लावलेला असतो, त्यामुळे तो विसरला जात नाही. आणि यासाठी खर्च? एक खडू.

पालकांसाठी थोडं स्पष्ट

खेळलं की आपोआप कोडिंग येतं, असा अर्थ कृपया काढू नका. पुढे जाऊन गणित मन लावून करावं लागतं, सरावाला बसावं लागतं, वाचून समजून घ्यावं लागतं. मूल मोठं झालं आणि त्याला गोडी वाटली, तर 'स्क्रॅच'सारखी मोफत साधनं उपलब्ध आहेत. क्लास वाईट असतात असंही नाही. मुलाचा मैदानाचा तास, हातातला छंद आणि आईबाबांसोबत पोळी लाटण्याची वेळ विकून तो क्लास घेऊ नका, इतकंच म्हणणं आहे.

या आठवड्यात करून पाहण्यासाठी तीन गोष्टी :

१. घरी : मुलाकडून एका पदार्थाच्या सूचना लिहून घ्या आणि अगदी लिहिल्याप्रमाणेच करा.
२. मैदानावर : एका खेळाचे सगळे नियम "जर... तर..." या रूपात लिहायला सांगा.
३. वर्गात : कासवाचा खेळ घ्या आणि प्रत्येक चूक फळ्याच्या कोपऱ्यात 'आजचा किडा' म्हणून नोंदवा.

तिसरा उपक्रम काही दिवस चालू ठेवला, की एक बदल दिसतो. जी मुलं चूक झाली की वही झाकून घेतात, ती हात वर करून म्हणायला लागतात, "बाई, मला किडा सापडला!"