गाण्याच्या पोटातलं नाव

१९०२ साली कोलकात्याला गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत. गाणं संपता संपता गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगत. कारण व्यवहाराचं होतं. तबकड्या छापायला जर्मनीत, हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगाराला ठुमरी काय कळणार? पण शेवटी नाव ऐकलं की कोणत्या तबकडीवर कोणतं लेबल लावायचं ते त्याला समजे.

गाण्याचं नाव गाण्यातच ठेवायचं, ही तशी आपली जुनी रीत. अभंगात शेवटी नाममुद्रा येते, गझलेच्या मक्त्यात शायराचं तखल्लुस येतं. वही हरवली, पाठ करणारा दूर गावी गेला, तरी नाव रचनेबरोबर जातं.

आज घरोघरी संगणकात हजारो गाणी साठली आहेत. कॅसेटवरून उतरवलेली, सीडीवरून घेतलेली, मित्राच्या पेन ड्राइव्हवरून आलेली. ती नीट लावायला आणि ऐकायला कोणता प्रोग्राम घ्यावा, असं पुष्कळजण विचारतात. त्याचं उत्तर गौहर जान यांच्या त्या सवयीतच आहे: जो गाण्याची माहिती गाण्याच्या फाइलीतच लिहितो, तो घ्यावा.

हे जरा उलगडून पाहू. एमपीथ्री फाइलीत आवाजाखेरीज माहितीचीही एक जागा असते. तिला टॅग म्हणतात. १९९६ साली आयडीथ्री नावाची पद्धत आली, तेव्हा ही जागा फाइलीच्या अगदी शेवटी होती, फक्त १२८ बाइट्सची. गाण्याला ३० अक्षरं, गायकाला ३०, अल्बमला ३०. प्रकारासाठी ८० नावांची ठरलेली यादी होती. तिच्यात पोल्का होता, गॉस्पेल होतं. लावणी नव्हती, कव्वाली नव्हती. देवनागरी अक्षरांचीही सोय नव्हती. पुढच्या आवृत्तीत ही जागा फाइलीच्या सुरुवातीला आली, मोठी झाली, युनिकोड आलं. आता तिथे मराठीत हवं तेवढं लिहिता येतं. गीतकाराला आणि संगीतकाराला स्वतंत्र रकानेही आहेत.

मात्र सगळेच प्रोग्राम सगळी माहिती फाइलीत लिहीत नाहीत. आपण दिलेले तारे, लावलेला क्रम, आवडीच्या याद्या पुष्कळदा त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या खतावणीत राहतात. दुकान बंद झालं की खतावणीही गेली. आणि दुकानं बंद होतात. १९९७ साली आलेलं विनअँप एके काळी जिथे तिथे दिसे; २०१३ साली मालकांनी ते बंद करायचं जाहीर केलं, पुढे ते दुसऱ्यांना विकलं गेलं. २०१९ साली ॲपलने मॅकवरचं आयट्यून्स मोडून त्याच्या जागी वेगळी ॲप्स आणली. २०२० साली गूगल प्ले म्युझिक बंद झालं. ज्यांनी आपली गाणी तिथे चढवली होती त्यांना ती मुदतीत हलवावी लागली. प्रोग्राम हा भाडेकरू आहे, गाणी घराची आहेत. हे नातं उलटं होऊ देऊ नये.

दुसरी कसोटी आपल्या संगीताची. हे बहुतेक प्रोग्राम ‘गायक, अल्बम, गाणं’ अशा उतरंडीवर उभे आहेत. ‘गीतरामायण’ घ्या. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं. गदिमांची ५६ गीतं, सुधीर फडके यांचं संगीत, आणि मूळ कार्यक्रमात गायक अनेक. गायकाप्रमाणे लावलं तर रामकथा दहा ठिकाणी विखुरते. अकारविल्हे लावलं तर कथेचा क्रम मोडतो. त्यासाठी दोन रकाने हवेत: एक गाण्याच्या क्रमांकाचा, दुसरा ‘अल्बम आर्टिस्ट’चा, म्हणजे संपूर्ण संचाचा धनी कोण ते सांगणारा. हे दोन भरले की ५६ गीतं एकत्र आणि ओळीने राहतात.

शास्त्रीय संगीताला रागाचा रकाना हवा. फूबार २००० आणि म्युझिकबी या विंडोजवर फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये आपल्या मनाचा रकाना तयार करता येतो. मग सगळ्या भैरवी एका हाकेला गोळा होतात. आणखी एक गोष्ट पाहावी. काही सीडींवर विलंबित आणि द्रुत असे दोन तुकडे केलेले असतात. एक संपून दुसरा लागताना मध्ये क्षणभर शांतता पडली तर रंग उतरतो. न थांबता वाजवण्याची सोय प्रोग्राममध्ये हवीच.

नावाच्या लिखाणातही एकवाक्यता हवी. मोहम्मद, मुहम्मद, मोहंमद हे माणसाला एकच रफीसाहेब, यंत्राला तीन. अख्तरीबाई फैजाबादी आणि बेगम अख्तर या एकच, हे यंत्राला कोण सांगणार? एमपीथ्रीटॅगसारख्या छोट्या प्रोग्राममधून शेकडो फाइलींचं नाव एका दमात सारखं करता येतं.

गीतकाराचा रकाना मात्र बहुधा रिकामाच सापडतो. मी कवी आहे, म्हणून हे जरा जास्त टोचतं. गायकाचा आवाज निदान ओळखू येतो. ज्याने शब्द लिहिले त्याचं नाव मात्र कोणी लिहिलं नाही तर एका पिढीत पुसलं जातं. कॅसेटच्या कव्हरवर बारीक अक्षरांत का होईना, ते असायचं. कव्हर गेलं, तसं नावही गेलं. जुनी कव्हरं घरात असतील तर टाकण्याआधी ती नावं उतरवून घ्या.

आता निवड. नुसतं ऐकायचं असेल तर व्हीएलसी पुरे. ते फुकट आहे आणि बहुतेक सगळ्या प्रकारच्या फाइली वाजवतं. संग्रह मोठा असेल तर म्युझिकबी. बारकावे हवे असतील आणि शिकायची तयारी असेल तर फूबार. जुन्या दुर्मीळ कॅसेट उतरवायच्या असतील तर एमपीथ्रीऐवजी फ्लॅक प्रकारात ठेवा. फाइल बरीच मोठी होते, पण आवाजातलं काही गाळलं जात नाही. मात्र आयट्यून्स फ्लॅक घेत नाही, हे ध्यानात असू द्या.

कोणताही प्रोग्राम घ्या, आधी वीसच गाणी देऊन परीक्षा करा. नावं मराठीत लिहा. मग त्या फाइली दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडा. नावं जशीच्या तशी दिसली तर उरलेला संग्रह खुशाल सोपवा. प्रोग्राम आपल्याला न विचारता फाइली इकडच्या तिकडे हलवतो का, तेही पाहा. तशी सेटिंग असेल तर बंद करा. आणि सगळ्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरी ठेवा.

रकाने भरण्याचं काम कंटाळवाणं आहे खरं. रोज दहा गाणी घेतली तर वर्षाला साडेतीन हजारांवर होतात. उद्या नातवाने एखादी फाइल उघडली, तर कोण गातंय आणि कोणी लिहिलंय हे त्याला ते गाणंच सांगेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)