फोन चालू, नेटवर्क गायब! दोष आयसीचा की झोपलेल्या प्रोसेसरचा?

"भाऊ, याची नेटवर्क आयसी गेली. साडेतीन हजार लागतीन."

अमरावतीतल्या एका दुकानात हे ऐकलं आणि माझा चेहराच उतरला. ३,५०० रुपये म्हणजे माझ्या मेसचा महिना आणि वर थोडे. बरं, चूक माझीच. आदल्या रात्री हौसेनं फोनमध्ये नवीन रॉम टाकली होती. तेव्हापासून वाय-फाय चालतंय, कॅमेरा चालतोय, पण दोन्ही सिमवर नेटवर्क नाही. "विचार करून सांगतो" म्हणालो आणि संध्याकाळी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडली, मामाकडे जायला.

गाडीत बसल्या बसल्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडलं. 'बेसबँड व्हर्जन'समोर लिहिलं होतं, 'अननोन'. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं, तर आयएमईआयची जागा रिकामी. दुकानदाराचं निदान इथे मला डळमळीत वाटू लागलं. काहून, ते सांगतो.

फोन घेताना आपण 'आठ कोर' वगैरे वाचतो, ते अँड्रॉइड चालवणारे कोर. त्याच चिपवर आणखीही प्रोसेसर असतात आणि त्यातला एक मोडेमचा. फोरजीमध्ये टॉवर आणि फोन यांचं वेळापत्रक १ मिलिसेकंदाच्या तुकड्यांत चालतं. तुम्ही रील बघत असताना अँड्रॉइड क्षणभर अडखळलं तर चालतं, टॉवरशी बोलणाऱ्याला ते चालत नाही. म्हणून त्या कामाला वेगळा प्रोसेसर आणि त्यावर त्याची स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम.

पण याला उठवतं कोण?

गंमत अशी, की हा दुसरा प्रोसेसर म्हणजे कोरी पाटी. त्याचा प्रोग्रॅम फोनच्या स्टोरेजमध्ये 'मोडेम' नावाच्या पार्टिशनवर पडलेला असतो आणि तिथपर्यंत त्याचा स्वतःचा हात पोचत नाही. त्यामुळे फोन सुरू होताना तो रिसेटमध्ये धरून ठेवलेला असतो. आधी मुख्य प्रोसेसर उठतो, अँड्रॉइडखालचं लिनक्स सुरू होतं. ते स्टोरेजमधून मोडेमचं फर्मवेअर वाचतं आणि रॅमच्या एका राखीव भागात तुकड्या-तुकड्यानं नेऊन ठेवतं. मग त्यावरची डिजिटल सही तपासली जाते. सही जुळली, की 'इथून सुरू कर' असा पत्ता देऊन रिसेट सोडायचा. तेव्हा कुठे मोडेम जागा होतो, सामायिक मेमरीतून 'मी आलो' असा निरोप पाठवतो, आणि तुमच्या सेटिंग्जमध्ये बेसबँडचा नंबर उमटतो.

म्हणजे 'अननोन'चा साधा अर्थ एवढाच, की निरोप आला नाही. आयसी जळली असेल तरी येणार नाही, आणि चुकीचं फर्मवेअर भरलं असेल तरी येणार नाही. बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात.

लिनक्समध्ये या कामासाठी 'रिमोटप्रॉक' नावाची सोय २०१२ मध्ये, ३.४ या आवृत्तीत आली. बीगलबोन ब्लॅक हा छोटा बोर्ड कॉलेजच्या लॅबमध्ये असेल तर हे डोळ्यांनी बघता येतं. त्याच्या चिपमध्ये मुख्य प्रोसेसरशिवाय २०० मेगाहर्ट्झचे दोन चिमुकले प्रोसेसर आहेत. फर्मवेअरची फाइल जागेवर ठेवायची आणि 'स्टेट' नावाच्या फाइलीत 'स्टार्ट' हा शब्द लिहायचा, झालं! 'स्टॉप' लिहिलं की थांबतो. कोसळला तर मुख्य प्रोसेसर त्याला पुन्हा भरून उठवू शकतो. कधी कधी नेटवर्कच्या दांड्या अचानक गायब होतात आणि काही सेकंदांत आपोआप परत येतात ना? दर वेळी टॉवरच दोषी नसतो. मोडेम कोसळून पुन्हा उठलेला असू शकतो, फोन मात्र चालूच असतो.

(सगळीकडे हाच क्रम असतो असं नाही. रास्पबेरी पायमध्ये आधी ग्राफिक्सचा भाग उठतो आणि तो मुख्य प्रोसेसरला उठवतो!)

गाडी मूर्तिजापूरला थांबली. याच तालुक्यातलं मुरंबा हे डॉ. विजय भटकर यांचं गाव. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, आणि तो ज्या चिपवर उभा होता त्या ट्रान्सप्युटरची उठायची पद्धत मला फार आवडते. या चिपला चार तारा, म्हणजे लिंक असत. रॉममधून सुरू व्हायचं नाही असं ठरवलं, की ती कुठल्याही लिंकवर पहिल्या बाइटची वाट बघत बसे. तो आकडा २ किंवा जास्त असला तर 'एवढे बाइट प्रोग्रॅम येतोय' असं समजून तेवढे मेमरीत घ्यायचे आणि लगेच चालवायचे. बाइटच एक, म्हणून पहिला प्रोग्रॅम जास्तीत जास्त २५५ बाइटचा! तो इवलासा प्रोग्रॅम मग मोठा प्रोग्रॅम ओढून घेई, आणि उरलेल्या लिंकवरून शेजारच्या चिपलाही तसंच उठवता येई. होस्ट संगणकानं एकाला उठवलं तरी पुरे, पुढे एकमेकांना उठवत सगळे जागे. तुमच्या खिशातला मोडेमही तसाच दुसऱ्याच्या हातानं उठतो, फक्त मध्ये सहीचा पहारा वाढलाय.

अकोल्याला पोचल्यावर मामेभावाचा लॅपटॉप घेतला. माझ्या फोनचा नेमका मॉडेल नंबर बघितला, तर टाकलेली रॉम त्याच नावाच्या दुसऱ्या व्हेरिएंटची निघाली. तिच्याबरोबर मोडेमचं फर्मवेअरही बदललं होतं. कंपनीचं पूर्ण मूळ फर्मवेअर माझ्याच मॉडेलचं उतरवलं आणि टाकलं. डेटा सगळा उडाला, फोटोंचा बॅकअप होता म्हणून वाचलो. रात्री साडेअकराला बेसबँडसमोर नंबर आला, आयएमईआय दिसला, पाठोपाठ दांड्या.

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी या दोन गोष्टी बघा: बेसबँड आणि आयएमईआय. आयएमईआय गेला म्हणून कुणी 'नवीन टाकून देतो' म्हणालं तर सरळ नाही म्हणा, तो बदलणं गुन्हा आहे. आणि फोन पाण्यात किंवा जोरात पडला असेल, किंवा योग्य फर्मवेअर टाकूनही 'अननोन' हटत नसेल, तर मात्र दुकानदाराचं म्हणणं खरं असू शकतं. मग फोन उघडावाच लागतो.