वार्षिक शुल्काचीं कार्डें : ठेवावीं कीं सोडावीं ?

दिवाळीपूर्वीं माळ्यावरचीं भांडीं खालीं उतरतात. ज्यांचा उपयोग उरला नाहीं तीं मोडींत जातात, ज्यांना कल्हई हवी तीं कल्हईस जातात आणि उरलेलीं पुन्हां मांडणीवर चढतात. असा पडताळा आपल्या पाकिटांतील क्रेडिट कार्डांचा घेणारें घर मात्र विरळाच. भांडें माळ्यावर नुसतें पडून राहिलें तर जागा अडवितें, एवढेंच. शुल्काचें कार्ड पडून राहिलें तर तें दरवर्षीं घरांतून पैसे नेतें.

नागपुरांतील प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, खामला या भागांतील एकाद्या एकत्र कुटुंबाची कल्पना करावी. सेवानिवृत्त आजोबा, आजी, दोन कमावते मुलगे, दोन सुना आणि पुण्यास शिकणारा नातू. आजोबांचें कार्ड नोकरीच्या काळांत बँकेनें दिलेलें. सोनेगांवचें विमानतळ जवळ, म्हणून थोरल्याचें कार्ड तेथील विश्रामकक्षाच्या सवलतीचें. धाकट्याचें पेट्रोलचें, आणि त्याच्याच खात्यावर पत्नीचें पुरवणी कार्ड. एकाचें शुल्क पांचशें, दुसऱ्याचें हजार, तिसऱ्याचें दीड हजार. प्रत्येकाचें बिल प्रत्येकाच्या मोबाईलवर येतें. त्यामुळें सर्वांची बेरीज कोणीच करीत नाहीं. दुधाच्या दरांत दोन रुपयांची वाढ झाली तर ज्या घरांत चर्चा होते, त्याच घरांतून तीन-साडेतीन हजार रुपये चर्चेवांचून जातात.

हें शुल्क मुळांत कशाचें ? पूर्वीं उधारीसाठीं वाण्याची वही होती. वाणी घरास ओळखत असे आणि ओळखीचें शुल्क घेत नसे. जेथें ओळख नाहीं तेथेंही उधारी चालावी, या गरजेंतून न्यूयॉर्क येथें १९५० सालीं डायनर्स क्लबचें कार्ड निघालें. आपल्याकडे १९८० सालीं सेंट्रल बँक ऑफ इंडियानें कार्ड काढलें आणि १९९८ सालीं स्टेट बँकेचें कार्ड आलें. त्या काळीं रोख रक्कम जवळ न बाळगतां परगांवीं व्यवहार करतां येणें ही मोठीच सोय होती व तिचें मोल देणें रास्त होतें. परंतु २०१६ सालापासून यूपीआयनें ती सोय भाजीवाल्यापर्यंत विनामूल्य पोंचविली. २०२२ पासून रूपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडतां येऊं लागलें, आणि अनेक बँका आजन्म निःशुल्क कार्डें देतात. तेव्हां आज शुल्क घेणाऱ्या कार्डानें आपली योग्यता नव्यानें सिद्ध केली पाहिजे.

शुल्काचा हिशोब

शुल्क हजार रुपये असें छापलेलें असलें तरी त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे घरांतून जातात ११८० रुपये. कार्ड खर्चावर एक टक्का परतावा देत असेल तर १,१८,००० रुपयांच्या खर्चावर शुल्क भरून निघतें, असें विक्रेता सांगतो. हा हिशोब अपुरा आहे. तुलना शून्याशीं नव्हे, निःशुल्क कार्डाशीं करावयास हवी. तें कार्ड अर्धा टक्का देत असेल तर शुल्काच्या कार्डाचा अधिक लाभ फक्त अर्धा टक्का, आणि ११८० रुपये वसूल होण्यास २,३६,००० रुपयांचा खर्च लागतो. शिवाय घरभाडें, इंधन इत्यादि खर्चांवर पुष्कळ कार्डें रिवॉर्ड पॉइंट देत नाहींत. तीं कलमें शर्तींच्या कागदावर बारीक अक्षरांत असतात.

दुसरा मोह शुल्कमाफीचा. वर्षांत दोन लाख खर्च करा, शुल्क माफ ! कुटुंबाचा स्वाभाविक खर्च तेवढा असेल तर उत्तमच. तो एक लाख ऐंशी हजार असेल आणि विम्याचा ठरलेला हप्ता त्या कार्डावर भरून उणीव निघत असेल, तरीही हरकत नाहीं. परंतु ११८० रुपये वांचविण्यासाठीं वीस हजारांची अनावश्यक वस्तु घरांत आणणें म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. विश्रामकक्षाचेंही तसेंच. वर्षांत किती वेळां विमानानें गेलों हें आधीं मोजावें. जाऊं शकलों असतों हें मोजूं नये.

शुल्काहून मोठा धोका

हा सर्व हिशोब, बिल दरमहा पूर्ण भरणाऱ्यांसाठींच आहे. जो केवळ ‘किमान रक्कम’ भरतो त्याचा शुल्काचा विचार व्यर्थ आहे. अनेक कार्डांवर व्याज दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षास ४२ टक्के, आणि त्या व्याजावरही जीएसटी. बाकी राहिली कीं नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही जाते. आपल्या धर्मशास्त्रांत दामदुपटीचा नियम होता : एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलापेक्षां अधिक होतां कामा नये. वर्षास ४२ टक्क्यांनीं सरळ व्याज धरलें तरी अडीच वर्षांच्या आंत ती मर्यादा गांठली जाते. ३० टक्क्यांवरील व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं दिला होता. सर्वोच्च न्यायालयानें २० डिसेंबर २०२४ रोजीं तो रद्द ठरविला. तेव्हां मर्यादा घालावयाची ती ज्याची त्यानेंच. ज्याची बाकी फिरत आहे त्यानें आधीं ती फेडावी. कार्डाची निवड मागाहून.

घाईनें बंद करूं नये

इतकें असूनही प्रत्येक शुल्काचें कार्ड उद्यांच सोडावें असें आमचें म्हणणें नाहीं. सिबिलसारख्या पतसंस्था ३०० ते ९०० या मापांत प्रत्येकाची पत मोजतात, आणि मंजूर मर्यादेपैकीं किती भाग वापरला जातो यास त्यांत महत्त्व असतें. समजा, दोन कार्डांची मर्यादा एक व दोन लाख आहे आणि महिन्याचा खर्च साठ हजार. वापर झाला २० टक्के. दोन लाखांचें कार्ड बंद केलें कीं तोच खर्च ६० टक्के ठरतो. खर्च एका रुपयानेंही वाढला नाहीं, पण पत्रकांत माणूस ओढगस्तींत दिसूं लागतो. घरकर्जाचा अर्ज सहा महिन्यांवर आला असेल तर जुनें व मोठ्या मर्यादेचें कार्ड तोंवर राहूं द्यावें. त्याहून चांगलें म्हणजे बँकेस दूरध्वनि करून शुल्क माफ करण्यास अथवा कार्ड निःशुल्क प्रकारांत बदलून देण्यास सांगावें. मागण्यास कांहींच पडत नाहीं, आणि नकार मिळाला तर निर्णय सोपा होतो.

बंद करण्याचें ठरलें तर कायदा ग्राहकाच्या बाजूस आहे. रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं घालून दिलेल्या नियमाप्रमाणें, सर्व देणें चुकतें केल्यावर आलेली विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी करावी लागते. विलंब झाल्यास दर दिवसास पांचशें रुपये धारकास द्यावे लागतात. टपालानेंच अर्ज पाठवा असा आग्रह धरतां येत नाहीं. शुल्क वाढवावयाचें तर निदान एक महिना आधीं सूचना द्यावी लागते. तक्रारीस बँकेनें तीस दिवसांत दाद न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जातां येतें. मात्र अर्ज करण्यापूर्वीं साठलेले पॉइंट वापरावे, महावितरणच्या बिलासारखीं आपोआप भरलीं जाणारीं देणीं दुसरीकडे वळवावीं, चालू हप्ते फेडावे आणि बंद झाल्याचें लेखी पत्र जपून ठेवावें.

कुटुंबाची बाजू

एकत्र घरांत आणखी दोन गोष्टींचा विचार हवा. पहिली वडीलधाऱ्यांची. आजोबांचें न वापरलेलें कार्ड केवळ ‘असूं द्या’ म्हणून ठेवूं नये ; त्यांच्या वयांत फसवणुकीच्या दूरध्वनीचा धोका शुल्काहून मोठा असतो. त्यांच्या पश्चात् देणें उरल्यास तें त्यांच्या मालमत्तेंतून फिटावयाचें. केवळ पितृऋण फेडणें हें पुत्राचें धर्मकर्तव्य आहे म्हणून मुलगा-नातवावर दावा चालविण्याची वाट २००५ च्या हिंदु उत्तराधिकार दुरुस्ति कायद्यानें, त्यानंतरच्या कर्जांपुरती, बंद केली आहे. हें ठाऊक नसल्यामुळें वसुलीच्या एका दूरध्वनीनें घरें हादरतात.

दुसरी गोष्ट घरांतील स्त्रियांची. पुरवणी कार्डाचा खर्च पतीच्या खात्यावर पडतो आणि देण्याची जबाबदारीही त्याचीच असते. दहा वर्षें संसाराचा सारा बाजार जिनें चोख हिशोबानें चालविला, तिच्या स्वतःच्या नांवें पतीची एकही नोंद नसावी, असें त्यामुळें घडूं शकतें. दुर्दैवानें एकटें उभें राहण्याचा प्रसंग आला, अथवा तिला स्वतःचा लहानसा व्यवसाय काढावयाचा झाला, कीं ही उणीव बोंचूं लागते. स्वतंत्र उत्पन्न नसलें तरी मुदतठेवीच्या तारणावर कार्ड मिळूं शकतें. म्हणून यंदा घरांतील कार्डांची बेरीज करावयास बसाल तेव्हां दोन-तीन शुल्काचीं कार्डें कमी करा, आणि वांचलेल्या पैशांत थोडी भर घालून गृहिणीच्या नांवें मुदतठेव ठेवा व तीवर एक निःशुल्क कार्ड घ्या. घरांतील कार्डें कमी होतील आणि घराची पत मात्र एका माणसानें वाढेल.