खापरपणजोबांच्या शोधात: वंशावळीबद्दलचे सहा गैरसमज

सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदींची झाडाझडती सुरू झाली. विषय कुणबी दाखल्यांचा होता. पण त्या निमित्ताने ‘आपल्या खापरपणजोबांचं नाव काय?’ हा प्रश्न सर्वच समाजांच्या उंबऱ्यापर्यंत आला. केज तालुक्यातलं नांदूरघाट असो की बीड जिल्ह्यातलं दुसरं कुठलं गाव, शोधाला लागलेल्या माणसाची वाट बहुतेक वेळा कागद नसल्यामुळे अडत नाही. ती अडते चुकीच्या समजुतींमुळे.

गैरसमज 1: निजामाच्या राज्यातलं काहीच उरलेलं नाही.

वस्तुस्थिती: 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि त्या राज्याचं महसुली दप्तर तपशीलवार होतं. त्यानंतरच्या काळातलं खासरा पाहणी पत्रक, जन्ममृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना 14, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर हे सगळे उपयोगी कागद. अडचण येते ती वाचण्याची. जुनी पानं उर्दूत किंवा मोडीत असतात, साल फसली असतं. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन हाती येतो. म्हणजे फसली 1340 हे साधारण 1930-31. गावांची नावंही बदललेली असतात. शेजारचं अंबाजोगाई तेव्हाच्या कागदांत मोमिनाबाद म्हणून भेटतं. हे ठाऊक नसलेला माणूस बरोबर पान समोर असूनही ते उलटून पुढे जातो.

गैरसमज 2: हैदराबाद गॅझेटमध्ये पूर्वजांचं नाव सापडेल.

वस्तुस्थिती: गॅझेटियरमध्ये जिल्ह्याची माहिती आणि समाजवार लोकसंख्या असते. त्यात व्यक्तींची यादी नसते. जनगणनेचंही तसंच: 1948 च्या जनगणना कायद्याने घरोघरची माहिती गोपनीय ठेवली आहे. एका माणसाचं नाव शोधायचं तर गावपातळीवरच्या नोंदींकडेच जावं लागतं.

गैरसमज 3: आडनाव एक, म्हणजे भाऊबंद.

वस्तुस्थिती: पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे ही मुळात वतनाची, कामाची नावं. गावोगावी वेगवेगळ्या घराण्यांकडे ती वतनं होती, त्यामुळे दोन गावांतल्या दोन देशमुखांचा एकमेकांशी काहीच संबंध नसू शकतो. देशमुख तर हिंदूंत आहेत तसेच मुसलमानांतही आहेत. उलटही घडतं. एक भाऊ पाटीलकीवरून पाटील झाला, दुसऱ्याने मूळ आडनाव ठेवलं, तिसरा दुसऱ्या गावी जाऊन जुन्या गावाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. जालना जिल्ह्यातल्या जांब गावच्या समर्थ रामदासांचं घराणं ठोसर, हे आज किती जणांना ठाऊक असतं? आडनावाबरोबर कुलदैवत, देवक आणि मूळ गाव जुळवून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

गैरसमज 4: वंशावळ म्हणजे बाप, आजा, पणजा.

वस्तुस्थिती: सर्वांत मोठं नुकसान या समजुतीने केलं आहे. प्रत्येकाला दोन पालक, चार आजी-आजोबा. असं मोजत गेलं तर खापरपणजोबांच्या पिढीत 16 माणसं होतात आणि दहा पिढ्या मागे 1,024. त्यांतली काही नावं दोनदा येतात, कारण मामाच्या किंवा आत्याच्या घरी लग्न करण्याची रीत मराठवाड्यात जुनीच आहे. पुरुषांची एकच ओळ लिहिली की बाकी सगळे पुसले जातात.

ती माणसं सापडतात जमिनीच्या कागदांत. खातेदार वारला की तलाठ्याकडे वारस नोंद होते, फेरफार पडतो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगीही वारस झाली, तेव्हापासून मुलग्यांबरोबर मुलींची नावं या नोंदींत येऊ लागली. पुढे बहिणीने हक्कसोडपत्र करून दिलं असेल, तर त्यात तिचं सासरचं नाव, वय, राहण्याचं गाव असं सगळं असतं. ज्या कागदाने तिचा जमिनीवरचा हक्क गेला, तोच आज तिच्या नातवंडांचा पत्ता सांगतो. जिच्या घरी जाणं-येणं थांबून पन्नास वर्षं झाली अशा आत्याचं कुटुंब तालुक्याबाहेर नांदतं आहे, हे अशाच एका ओळीवरून कळू शकतं.

गैरसमज 5: जन्माची नोंद आपल्याच गावात असणार.

वस्तुस्थिती: 1969 च्या कायद्यानुसार जन्म जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नोंद आजोळच्या गावी. बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. फडावर जन्मलेल्या लेकराची नोंद सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात शोधावी लागते. आणि दाखल्यावर 1 जून ही तारीख दिसली तर जपून. शाळेत नाव घालताना खरी तारीख माहीत नसलेल्या असंख्य मुलांना मास्तरांनी हीच तारीख दिली.

गैरसमज 6: डीएनए तपासणी केली की सगळे नातलग कळतात.

वस्तुस्थिती: वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाकडे जातं. दहा पिढ्या मागच्या 1,024 पूर्वजांपैकी ते एकाचीच खूण सांगतं. एकाच खापरपणजोबांची वेगवेगळ्या शाखांतली खापरपतवंडं घेतली, तर त्यांच्यात सारखा निघणारा जनुकीय वाटा सरासरी एक टक्क्याहूनही कमी असतो. अशा दर दहा जोड्यांपैकी सुमारे एका जोडीत तपासणीला काहीच आढळत नाही. नातं खरं असतं, तरी अहवाल कोरा येतो.

कागद मात्र फार लांब नेतात. वेरूळच्या भोसल्यांची एक शाखा हजार किलोमीटरहून दूर तंजावरला गेली आणि 1803 मध्ये सरफोजी राजांनी तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. राजघराण्यांपुरतीच ही गोष्ट नाही. 1834 नंतर करारावर मॉरिशसला गेलेल्या कोकणातल्या मजुरांची नावं आणि गावं तिथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या नोंदवह्यांत आहेत, काहींची छायाचित्रंसुद्धा. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळीत यात्रेला आलेल्या साध्या शेतकऱ्यांच्याही पिढ्या लिहिलेल्या सापडतात.

शोधाची सुरुवात तहसीलच्या अभिलेख कक्षातून करू नये, घरातून करावी. घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ बसावं. तिच्या आईचं, सासूचं, नणंदांचं नाव आणि प्रत्येकीचं माहेर-सासर लिहून घ्यावं. मग सर्व्हे नंबर घेऊन जुन्या फेरफाराच्या नकलेसाठी अर्ज करावा. कागद पुढच्या वर्षीही मिळतील. आजीची आठवण मात्र याच आठवड्यात लिहून ठेवा.