राजकीय जोखीम आणि परकीय गुंतवणूक

यजमान देशातील शासकीय निर्णय, सत्तांतर, कायद्यातील बदल किंवा अशांतता यांमुळे परकीय गुंतवणूकदाराचे नुकसान होण्याच्या शक्यतेला राजकीय जोखीम असे म्हणतात. मागणी घटणे किंवा कच्चा माल महागणे ही व्यावसायिक जोखीम होय. राजकीय जोखमीचे मूळ मात्र बाजारात नसून राज्यसंस्थेच्या अधिकारात असते. परकीय गुंतवणूक किती येते आणि कोणत्या अटींवर येते, हे ठरवणाऱ्या प्रमुख घटकांमध्ये शासकीय धोरण आणि राजकीय जोखीम यांचा समावेश होतो.

== स्वरूप ==

राजकीय जोखमीचे सर्वांत ठळक रूप म्हणजे राष्ट्रीयीकरण. इराणने १९५१ मध्ये ब्रिटिश मालकीचा तेल उद्योग, इजिप्तने १९५६ मध्ये सुएझ कालवा कंपनी आणि चिलीने १९७१ मध्ये तांब्याच्या मोठ्या खाणी राष्ट्राच्या ताब्यात घेतल्या. अलीकडच्या काळात अशा उघड ताब्यापेक्षा अप्रत्यक्ष प्रकार अधिक आढळतात. करात अचानक वाढ, परवाना रद्द होणे, नफा मायदेशी पाठवण्यावर निर्बंध, शासकीय कंपनीने करार न पाळणे, ही त्यांची उदाहरणे आहेत.

या जोखमीची झळ सर्व प्रकारच्या गुंतवणुकीला सारखी बसत नाही. समभाग व रोख्यांतील गुंतवणूक तुलनेने लवकर काढून घेता येते. वीजकेंद्र, खाण, बंदर अशा प्रकल्पांत गुंतवलेला पैसा मात्र एकदा जमिनीत रुतला की परत काढता येत नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ रेमंड व्हर्नन यांनी १९७१ मध्ये याच स्थितीचे विश्लेषण केले. गुंतवणूक येण्यापूर्वी शासनाला तिची गरज असते, त्यामुळे कंपनी आपल्या अटी मान्य करून घेऊ शकते. प्रकल्प उभा राहिल्यावर कंपनी अडकते आणि सौद्यातील बळ शासनाकडे झुकते. म्हणूनच दीर्घ मुदतीचे गुंतवणूकदार सुरुवातीलाच कठोर हमी मागतात.

== भारतातील धोरणाचा प्रवास ==

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार (फेरा) ४० टक्क्यांहून अधिक परकीय भागभांडवल असलेल्या कंपन्यांना भारतात व्यवसाय चालू ठेवण्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी आवश्यक झाली. प्राधान्य क्षेत्रांतील कंपन्यांना काही सवलत होती. अनेक कंपन्यांनी आपले समभाग भारतीयांना विकून येथेच राहणे पसंत केले. कोका-कोला १९७७ मध्ये आणि आयबीएम १९७८ मध्ये भारतातून बाहेर पडल्या.

१९९१ च्या परकीय चलन संकटानंतर ही दिशा बदलली. २४ जुलै १९९१ रोजी जाहीर झालेल्या औद्योगिक धोरणाने उच्च प्राधान्याच्या उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंतच्या परकीय भागभांडवलाला स्वयंचलित मंजुरीची वाट खुली केली. कोका-कोला १९९३ मध्ये परतली. फेराची जागा २००० मध्ये परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने (फेमा) घेतली. त्यानंतर बहुतेक क्षेत्रांतील मर्यादा टप्प्याटप्प्याने शिथिल झाल्या. विमा क्षेत्रात २००० मध्ये २६ टक्के असलेली मर्यादा २०१५ मध्ये ४९ टक्के आणि २०२१ मध्ये ७४ टक्के झाली. याउलट, एप्रिल २०२० मध्ये भारताशी भूसीमा असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला शासनाची पूर्वपरवानगी बंधनकारक करण्यात आली.

== दाभोळ वीज प्रकल्प ==

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात उभा राहिलेला दाभोळ वीज प्रकल्प हे राजकीय जोखमीचे भारतातील सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण आहे. १९९२ मध्ये एन्‍रॉन या अमेरिकी कंपनीने महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी प्राथमिक सामंजस्य करार केला आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदी करार झाला. जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल या कंपन्या प्रकल्पात भागीदार होत्या. मंडळाने वीज घेतली नाही तरी ठरावीक स्थिर आकार देणे करारानुसार बंधनकारक होते आणि दराचा मोठा भाग डॉलरशी जोडलेला होता. राज्य शासनाने या देण्यांची हमी दिली व केंद्र शासनाने प्रतिहमी दिली. जागतिक बँकेने १९९३ मध्येच हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नसल्याचे मत देऊन अर्थसाहाय्य नाकारले होते. परिसरातील ग्रामस्थांनीही प्रकल्पाविरुद्ध आंदोलने केली.

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत हा करार प्रचाराचा मुद्दा झाला. सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युती शासनाने उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या समितीच्या अहवालानंतर ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द केला. कंपनीने लंडन येथे लवादाची कार्यवाही सुरू केली. पुढे फेरवाटाघाटी होऊन १९९६ मध्ये त्याच शासनाने सुधारित अटींवर प्रकल्पाला मान्यता दिली.

पहिल्या टप्प्यातून १९९९ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. इंधनाचे वाढते दर, रुपयाची घसरण आणि मंडळाने घेतलेली अल्प वीज यांमुळे २००० मध्ये काही काळ प्रतियुनिट खर्च ७ रुपयांच्या वर गेला. मंडळाने देयके थकवली आणि २००१ मध्ये वीज घेणे थांबवले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये एन्‍रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. केंद्र अनेक वर्षे बंद राहिले. २००५ मध्ये राष्ट्रीय औष्णिक विद्युत निगम (एनटीपीसी) व गेल यांच्या सहभागाने स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीने ते ताब्यात घेतले. प्रकल्पाला कर्ज देणाऱ्यांमध्ये भारतातील सार्वजनिक वित्तसंस्थाही असल्याने या अपयशाचा भार केवळ परकीय कंपन्यांवर पडला नाही.

== पूर्वलक्षी कर ==

व्होडाफोनने २००७ मध्ये हचिसनचा भारतातील दूरध्वनी व्यवसाय सुमारे ११ अब्ज डॉलरना घेतला. हा व्यवहार परदेशी नोंदणीच्या कंपन्यांमध्ये झाला असला तरी त्यावर भारतात कर देय आहे, अशी प्राप्तिकर विभागाची भूमिका होती. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी संसदेने प्राप्तिकर कायद्यात पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्ती करून असे व्यवहार करपात्र ठरवले. सप्टेंबर २०२० मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय लवादाने व्होडाफोनच्या बाजूने आणि डिसेंबरमध्ये अशाच प्रकरणात केर्न एनर्जीच्या बाजूने निवाडा दिला. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने कायदा करून जुन्या व्यवहारांवरील ही मागणी मागे घेतली. या वादात मुख्य आक्षेप कराच्या दरावर नव्हता. व्यवहार पूर्ण झाल्यानंतर नियम बदलण्यावर होता.

== संरक्षणाची साधने ==

गुंतवणूकदार विमा, करारातील लवाद कलमे आणि द्विपक्षीय गुंतवणूक करार यांद्वारे जोखीम कमी करतात. जागतिक बँक समूहातील बहुपक्षीय गुंतवणूक हमी संस्था (मिगा) १९८८ पासून असा विमा देते. दाभोळ प्रकरणात अमेरिकी शासनाच्या ओपिक या विमा संस्थेने विमाधारकांचे दावे चुकते केले आणि नंतर भारत शासनाकडे भरपाईची मागणी केली. भारताने पहिला द्विपक्षीय गुंतवणूक करार १९९४ मध्ये ब्रिटनशी केला. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या बाजूने २०११ मध्ये लागलेल्या निवाड्यानंतर या करारांचा फेरविचार सुरू झाला. नव्या नमुना मसुद्यात आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाण्यापूर्वी गुंतवणूकदाराने ५ वर्षे देशांतर्गत न्यायमार्ग वापरण्याची अट घालण्यात आली आणि अनेक जुने करार संपुष्टात आणण्यात आले.

== मतभेद ==

गुंतवणूकदारांच्या दृष्टीने धोरणाचे सातत्य महत्त्वाचे असते. नियम कडक असले तरी ते आधी माहीत असल्यास त्यांचा खर्च हिशोबात धरता येतो. अनिश्चिततेचा धरता येत नाही, आणि म्हणून ती भांडवल महाग करते. दुसऱ्या बाजूने, आरोग्य, पर्यावरण व करव्यवस्था यांविषयी निर्णय बदलण्याचा लोकनियुक्त शासनाचा अधिकार करारांनी बांधून टाकू नये, असे मत मांडले जाते. दाभोळचे उदाहरण दोन्ही बाजूंकडून दिले जाते. एका मते त्यातून शासनाचा शब्द न पाळण्याची किंमत दिसते. दुसऱ्या मते, पुरेशी स्पर्धा व सार्वजनिक छाननी न होता झालेला एकतर्फी करार हाच पुढील राजकीय जोखमीचे कारण ठरला.