अपडेटनंतर कॉम्प्युटर मंद झाला, अनोळखी नावं दिसू लागली? फॉर्मॅट मारण्याआधी हे तपासा

रात्री विंडोजचं अपडेट पडतं आणि सकाळी सेवा केंद्राचं शटर उघडलं की गोंधळ सुरू होतो. कॉम्प्युटर सुरू व्हायलाच दहा-पंधरा मिनिटं. डेस्कटॉप कोरा. युजर अकाउंटच्या यादीत कधी न पाहिलेली नावं. समोर उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विम्याचा अर्ज घेऊन माणसं उभी. अशा वेळी पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘व्हायरस शिरलाय, फॉर्मॅट मारून घ्या.’

बहुतेक वेळा व्हायरसही नसतो आणि फॉर्मॅटची गरजही नसते. उलट फॉर्मॅटमुळेच स्कॅन केलेले कागद, दूध डेअरीचा हिशेब, खताच्या दुकानाची बिलं कायमची जातात. म्हणून आधी नेमकं काय झालंय ते पाहणं शहाणपणाचं.

हा त्रास बुधवार-गुरुवारी जास्त का दिसतो, यालाही कारण आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेचं मोठं अपडेट सोडते. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. त्यामुळे ‘काल संध्याकाळपर्यंत चांगला होता’ ही तक्रार खोटी नसते.

डेस्कटॉप कोरा दिसला तर

सगळ्यात जास्त घाबरवणारा प्रकार हाच. वॉलपेपर बदललेला, सगळ्या फाइल गायब, ब्राउझर नवा असल्यासारखा पहिल्यापासून सगळं विचारतोय. अशा वेळी विंडोजने तुमचं नेहमीचं अकाउंट नीट उघडता न आल्यामुळे तात्पुरतं प्रोफाइल उघडून दिलेलं असू शकतं. दुकानाची किल्ली लागली नाही म्हणून शेजारच्या ओट्यावर बसवलं, तसाच हा प्रकार. माल दुकानात आहे, पण दार उघडलेलं नाही.

याचं गाजलेलं उदाहरण ११ फेब्रुवारी २०२० च्या अपडेटचं. विंडोज १० साठी आलेल्या केबी ४५३२६९३ या अपडेटनंतर जगभर अनेकांना असा कोरा डेस्कटॉप दिसला. बऱ्याच जणांच्या फाइल नंतर कॉम्प्युटरमध्येच सापडल्या. त्यांच्या प्रोफाइलच्या फोल्डरचं नाव तेवढं बदललेलं होतं, नावाच्या शेवटी टिंब देऊन ‘बीएके’ किंवा तीन शून्य लागलेले. काहींचा प्रश्न दोन-तीनदा रिस्टार्ट केल्यावर सुटला, काहींना ते अपडेट काढून टाकावं लागलं.

त्यामुळे डेस्कटॉप कोरा दिसला की आधी काहीही सेव्ह करू नका. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेली फाइल साइन आउट केलं की पुसली जाते. घाईत दहा अर्ज भरून तिथंच पीडीएफ ठेवले, तर ते संध्याकाळी मिळणार नाहीत. मग सी ड्राइव्ह उघडून ‘युजर्स’ हे फोल्डर पाहा. तिथं तुमच्या नावाचं किंवा त्याच्याशी जुळणारं फोल्डर असेल, तर आत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स तपासा. उघडताना परवानगी मागितली तर ‘कंटिन्यू’ म्हणा. फाइल दिसल्या की पहिलं काम म्हणजे पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी. कट नव्हे, कॉपी. रिस्टार्ट करून पाहायचं ते त्यानंतर.

विंडोज १० वरून ११ वर गेलेल्यांनी सी ड्राइव्हमधलं ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डरही बघावं. जुन्या विंडोजचा सगळा संसार त्यात असतो, कधी कधी हरवलेल्या फाइलही. हे फोल्डर साधारण १० दिवसांनी आपोआप उडतं. ‘जागा खातंय’ म्हणून पहिल्याच दिवशी ते साफ करणारे पुढे पस्तावतात.

ही नावं कुणाची?

स्टार्टवर क्लिक करून इंग्रजीत सी-एम-डी टाइप करा आणि एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तिथं इंग्रजीत ‘नेट युजर’ लिहा, म्हणजे एन-ई-टी, एक जागा रिकामी, मग यू-एस-ई-आर. एंटर मारलं की कॉम्प्युटरवरची सगळी अकाउंट दिसतात. यादी पाहून दचकायला होतं, कारण त्यात ॲडमिनिस्ट्रेटर, गेस्ट, डीफॉल्टअकाउंट आणि डब्ल्यूडीएजी-युटिलिटी-अकाउंट अशी नावं असतात.

ही चारही नावं विंडोजचीच आहेत आणि साधारणपणे बंद अवस्थेत पडून असतात. सगळ्यात संशयास्पद वाटतं ते शेवटचं. पण ते विंडोजच्याच ‘ॲप्लिकेशन गार्ड’ या सोयीसाठी राखलेलं असतं. धोक्याची वेबसाइट वेगळ्या कप्प्यात उघडायची ही सोय. म्हणजे ज्याला चोर समजून हाकलायला निघालो, तो वॉचमन निघतो. या चौघांना हात लावू नका.

पाचवं एक नाव कधी कधी दिसतं, ‘डीफॉल्टयुजर’ आणि शेवटी शून्य. विंडोज बसत असताना पहिलं खरं अकाउंट तयार होण्याआधी हे तात्पुरतं अकाउंट बनतं आणि काम झाल्यावर जायला हवं. काही कॉम्प्युटरवर ते मागे राहतं. २०१६ च्या मोठ्या अपडेटनंतर अनेकांना ते असंच दिसलं होतं. त्यापासून धोका नाही.

आणखी एक गंमत. मायक्रोसॉफ्टच्या ईमेलने साइन इन करून अकाउंट तयार केलं असेल, तर विंडोज त्या ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांवरून फोल्डरचं नाव ठेवतं. त्यामुळे अर्धवट तुटलेलं, विचित्र नाव दिसतं आणि माणूस घाबरतो, पण ते त्याचंच असतं. दुरुस्तीवाल्याने मागे कधी विंडोज टाकताना ‘युजर’, ‘पीसी’, ‘ॲडमिन’ असं नाव दिलेलं असण्याचीही दाट शक्यता. त्याला एक फोन करून विचारा.

पण कधी कधी खरोखरच बाहेरचा माणूस घुसलेला असतो. कस्टमर केअरचा म्हणून कुणी फोन करतो, एनीडेस्कसारखं ॲप टाकायला सांगतो, दूरवरून कॉम्प्युटर हातात घेतो आणि परत येता यावं म्हणून आपलं अकाउंट करून ठेवतो. सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर लोकांच्या आधार कार्डाच्या, बँक पासबुकच्या प्रती असतात, हे लक्षात घेतलं तर यातलं गांभीर्य कळेल.

ओळख पटवायला त्याच काळ्या खिडकीत ‘नेट युजर’च्या पुढे एक जागा सोडून ते अनोळखी नाव लिहा. ‘अकाउंट ॲक्टिव्ह’समोर नो आणि ‘लास्ट लॉगऑन’समोर नेव्हर असेल, तर ते कुणी वापरत नाही. येस असेल, अलीकडची तारीख असेल आणि खाली ग्रुपमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर्स लिहिलेलं असेल, तर गावात कुणालाच माहीत नसलेल्या त्या अकाउंटकडे दुर्लक्ष करू नका. ‘पासवर्ड लास्ट सेट’ची तारीखही बघा. त्या दिवशी कॉम्प्युटर कुणाच्या हातात होता, ते आठवता येतं.

असं अकाउंट सापडलं तर आधी इंटरनेट बंद करा. मोबाईलवर स्क्रीनचा फोटो काढा. मग कंट्रोल पॅनेलमध्ये युजर अकाउंट्समधून त्या अकाउंटचा प्रकार ‘स्टँडर्ड’ करा. मात्र तुमचं स्वतःचं अकाउंट ॲडमिनिस्ट्रेटर आहे ना, हे त्याआधी बघा. बँकेचे आणि पोर्टलचे पासवर्ड त्या कॉम्प्युटरवरून बदलू नका, दुसऱ्या चांगल्या फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. अकाउंट काढून टाकायचंच झालं तर कंट्रोल पॅनेल ‘कीप फाइल्स’ की ‘डिलीट फाइल्स’ असं विचारतं. तिथं घाईत चुकीचं बटण दाबू नका.

सुरू व्हायला इतका वेळ का?

अपडेटनंतरचा पहिला दिवस मंद जाणं साहजिक आहे. विंडोज मागच्या बाजूला फाइलींची यादी नव्याने करतं, डिफेंडर तपासणी करतो, जुन्या फाइल आवरल्या जातात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. तिथं डिस्कसमोर १०० टक्के दिसत असेल तर काम चालू आहे असं समजा. कॉम्प्युटर दुपारच्या जेवणाच्या वेळी तास-दोन तास नुसता चालू ठेवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच फरक पडतो. बटण दाबून मध्येच बंद केला तर तेच काम पुन्हा पहिल्यापासून. अपडेट चालू असताना लाइट गेली तर विंडोज बिघडूही शकतं, म्हणून भारनियमनाच्या वेळापत्रकाकडे बघूनच अपडेट लावा. यूपीएसची बॅटरी उतरलेली असेल तर यूपीएस असून नसल्यासारखाच.

‘शट डाउन’ आणि ‘रिस्टार्ट’ यात फरक आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन केल्यावर कॉम्प्युटर पूर्ण बंद होत नाही, थोडा झोपून राहतो. रिस्टार्ट केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून अपडेटनंतर एकदा रिस्टार्ट कराच.

दोन-तीन दिवसांनीही तीच कथा असेल तर टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप’ भागात जाऊन नको असलेली ॲप बंद करा. बोटाचा ठसा घेणाऱ्या मशीनची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर यांची नावं तिथं दिसली तर ती तशीच राहू द्या. नाहीतर कॉम्प्युटर पळेल, पण ठसा लागणार नाही.

विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे अनेकांनी जुन्याच मशीनवर विंडोज ११ चढवलं. त्याची किमान अट ४ जीबी रॅमची असली, तरी तेवढ्या रॅमवर आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ते रडतखडतच चालतं. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागात डिस्कखाली एचडीडी लिहिलेलं दिसलं, तर अडचण अपडेटची कमी आणि डिस्कची जास्त. एसएसडी बसवल्यावर तोच कॉम्प्युटर ओळखू येत नाही. बसवताना दुरुस्तीवाल्याला ‘नवीन विंडोज टाका’ असं न सांगता ‘जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करा’ असं सांगा. आणि काढलेली जुनी डिस्क त्याच्याकडे न ठेवता घरी आणा, तुमच्या गिऱ्हाइकांचे कागद अजून तिच्यात आहेत.