मेल कधी जातो, कधी जात नाही : अनियमित बिघाडाचं कारण कसं शोधायचं?

गेली दोन व्याख्यानं आपण कार्यकारणभावाबद्दल बोलत आहोत. मागच्या वेळी बऱ्याच श्रोत्यांनी सुचवलं की हे सगळं एखाद्या रोजच्या अडचणीला लावून दाखवा. तर आज तेच करू. अडचण अशी निवडली आहे की जी स्वतःचा मेल-सर्व्हर चालवणाऱ्या लहान संस्थांना केव्हा ना केव्हा भेटतेच. तक्रार अशी असते : मेल कधी जातो, कधी जात नाही.

सर्व्हर पूर्ण बंद पडला तर शोध तसा सोपा असतो. पण त्याच माणसाला सोमवारी पाठवलेला मेल पोचतो आणि बुधवारचा परत येतो, तेव्हा माणसं गोंधळतात. कार्यवाह म्हणतात, ‘आमंत्रण पाठवलं होतं.’ सभासद म्हणतात, ‘आम्हाला मिळालंच नाही.’ दोघंही खरं बोलत असतात, आणि तरी दोघांच्या मनात एकमेकांविषयी शंका येते. म्हणजे बिघाड यंत्रात असला तरी त्याची झळ माणसांना लागते. म्हणून त्याचा नीट विचार करायचा.

पहिला प्रश्न : ‘कधीकधी’ ह्या शब्दाचा अर्थ काय?

आपल्या न्यायशास्त्रात ह्यासाठी फार उपयोगी संकल्पना आहे : उपाधी. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात तिचं जे उदाहरण येतं ते घरगुतीच आहे. धूर असेल तिथे अग्नी असतो, हे ठीक. पण उलट म्हटलं, की अग्नी असेल तिथे धूर असतो, तर ते टिकत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग अग्नीतून धूर ‘कधीकधी’ निघतो असं म्हणून थांबायचं का? नैयायिक थांबत नाहीत. ते म्हणतात, धुरासाठी अग्नीबरोबर ओल्या सरपणाचा संयोग लागतो. ती अट आपल्या बोलण्यात आली नव्हती, म्हणून आपल्याला ‘कधीकधी’ म्हणावं लागलं. हीच ती उपाधी.

आता ‘मेल कधीकधी जात नाही’ हे वाक्य पुन्हा बघा. ह्यात कुठलीतरी अट बोलायची राहिली आहे. ती शोधायची, म्हणजे ओलं सरपण कुठं आहे ते शोधायचं. अंदाजाने सेटिंग बदलत बसलो तर ते सापडत नाही. त्यासाठी आधी मेलचा प्रवास समजून घ्यायला हवा.

आपण ‘पाठवा’ दाबतो तेव्हा मेल थेट समोरच्या माणसाकडे जात नाही. तो आधी आपल्या सर्व्हरकडे जातो. आपला सर्व्हर डीएनएस नावाच्या नोंदवहीत बघतो, की ह्या संस्थेचे मेल कोण घेतं. त्या नोंदीला एमएक्स म्हणतात. मग तो समोरच्या सर्व्हरशी बोलतो. ह्या बोलण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली आरएफसी ८२१ ह्या दस्तऐवजात मांडले. २००८ सालच्या आरएफसी ५३२१ मध्ये त्यांचं सुधारित रूप आहे.

ह्या नियमांत तत्त्वज्ञानाच्या माणसाला आवडेल अशी एक गोष्ट आहे. मेल पूर्ण घेतल्यावर समोरच्या सर्व्हरने ‘२५०’ असं उत्तर दिलं, की त्या क्षणी जबाबदारी त्याच्याकडे जाते. ते उत्तर येईपर्यंत ती आपल्या सर्व्हरची असते. ज्याच्याकडे जबाबदारी आहे त्याने एकतर मेल पुढे पोचवायचा, नाहीतर पाठवणाऱ्याला कळवायचं की पोचवता आला नाही. तेव्हा ‘मेल कुठे गेला?’ असं विचारण्यापेक्षा ‘मेलची जबाबदारी आत्ता कोणाकडे आहे?’ असं विचारावं. ह्या प्रश्नाचं उत्तर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीत, लिहिलेलं असतं.

आता उत्तरांच्या आकड्यांकडे बघू. पहिला अंक २ असेल तर काम झालं. ४ असेल तर तात्पुरता नकार : आत्ता नाही, नंतर या. ५ असेल तर कायमचा नकार : हा मेल आम्ही घेणार नाही. आपल्याकडे तक्रार येते तेव्हा हे दोन्ही नकार ‘गेला नाही’ ह्या एकाच शब्दात येतात. ते पहिल्यांदा वेगळे करायचे.

कायमचा नकार आला तर आपला सर्व्हर मेल लगेच परत करतो, त्यामुळे पाठवणाऱ्याला निदान समजतं तरी. तात्पुरता नकार जास्त फसवा. त्यात मेल रांगेत राहतो आणि सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स हा पुष्कळ ठिकाणी वापरला जाणारा मेल-सर्व्हर घ्या. मुळात त्याची मांडणी अशी असते की तो ५ दिवस प्रयत्न करतो आणि मधल्या काळात पाठवणाऱ्याला काहीही कळवत नाही. म्हणजे रविवारच्या सभेचं आमंत्रण गुरुवारी पाठवलं, आणि ‘पोचलं नाही’ हा निरोप मंगळवारी आला! ह्याला उपाय आहे. ‘डिले वॉर्निंग टाइम’ नावाचं सेटिंग आहे, ते ४ तासांवर ठेवलं तर उशीर होतोय हे त्याच दिवशी कळतं. बिघाड ह्याने दूर होत नाही, पण कार्यवाहांना फोन करायला वेळ मिळतो.

आता एक प्रत्यक्ष प्रकरण. आमच्या परिचयातलं एक अभ्यासमंडळ आपल्या सभासदांना एकेक करून मेल पाठवतं. नवीन सर्व्हर घेतल्यापासून काही मेल परत येऊ लागले. तर्क पुष्कळ झाले. कोणी म्हणालं जोडपत्र मोठं आहे, कोणी म्हणालं मजकुरात ‘देणगी’ शब्द आहे म्हणून. ह्या तर्कांवर वाद घालण्याऐवजी आम्ही सर्वांनी मिळून लॉगमधल्या ओळींचे दोन गठ्ठे केले : गेलेले आणि परत आलेले.

पहिल्याच चाळणीत दिसलं, की परत आलेले सगळे मेल एकाच मोठ्या मेलसेवेकडे जाणारे होते. पण तिथेच जाणारे कितीतरी मेल पोचलेही होते. म्हणून आता त्या एका सेवेपुरतेच दोन गठ्ठे घेतले आणि एकेक गोष्ट ताडून पाहिली. वेळ? दोन्हीकडे सकाळचे आणि रात्रीचे. आकार? दोन्हीकडे लहानमोठे. मजकूर? एकच आमंत्रण दोन्हीकडे. माणूस? एकच सभासद दोन्ही गठ्ठ्यांत. मग राहिला लॉगमधला ‘रिले’ हा भाग, म्हणजे समोरच्या कोणत्या पत्त्याशी आपला सर्व्हर बोलला ते. गेलेल्या मेलमध्ये तिथे ठिपक्यांनी तोडलेले चार आकडे होते, म्हणजे जुन्या पद्धतीचा आयपीव्ही ४ पत्ता. परत आलेल्यांमध्ये विसर्गासारख्या दोन टिंबांनी तोडलेला लांब पत्ता होता, म्हणजे आयपीव्ही ६. एकही अपवाद नाही.

हे झालं ओलं सरपण. आता धूर का निघतो? आपला सर्व्हर ज्या पत्त्यावरून बोलतो, त्या पत्त्याचं नाव काय, हे समोरचा सर्व्हर तपासतो. ह्याला उलट नोंद, म्हणजे रिव्हर्स डीएनएस, म्हणतात. जुन्या पत्त्याची उलट नोंद केलेली होती. नव्या यंत्राबरोबर आयपीव्ही ६ पत्ता आपोआप मिळाला, त्याची नोंद कोणी केलेली नव्हती. आणि दोन्ही वाटा सारख्याच उपलब्ध असतील तर पोस्टफिक्स मुळात कोणा एका पत्त्याला पसंती देत नाही. कधी ह्या वाटेने, कधी त्या वाटेने. नाव नसलेल्या वाटेने गेलेल्या पाहुण्याला दारातून परत पाठवलं जात होतं. नकाराच्या मजकुरातही हे लिहिलेलं होतं, पण तो इंग्रजी मजकूर शेवटपर्यंत कोणी वाचला नव्हता. उपाय दोन होते. नोंद होईपर्यंत फक्त आयपीव्ही ४ ने पाठवायचं, आणि यंत्र भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून नव्या पत्त्याची उलट नोंद करून घ्यायची. नाव आणि पत्ता दोन्ही बाजूंनी जुळले पाहिजेत, एवढं मात्र बघायचं.

प्रत्येक ठिकाणी हेच कारण असेल असं नाही. आणखी काही नेहमीच्या उपाधी थोडक्यात सांगतो.

फक्त नव्या माणसाचा पहिला मेल उशिरा येत असेल, तर ग्रेलिस्टिंग बघा. ही युक्ती २००३ साली पुढे आली. अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा मुद्दाम ‘नंतर या’ सांगायचं. रांग सांभाळणारा सर्व्हर पुन्हा येतो, कचरा पाठवणारे बहुतेक येत नाहीत. इथे उपाधी आहे पाठवणाऱ्याचं नवखेपण.

लहान मेल जात असतील आणि जोडपत्रं असलेले मजकूर पाठवताना मध्येच अडकत असतील, तर मधल्या जाळ्यात मोठी पाकिटं गळत आहेत का ते तपासा. इथे उपाधी आहे आकार.

आणि काही लोकांना तुमचा जुनाच पत्ता दिसत असेल, तर तुमच्या डीएनएसच्या सगळ्या सर्व्हरना एकेकटं विचारून बघा. मुख्य नोंद बदलली पण तिचा अनुक्रमांक वाढवायचा राहिला, तर दुय्यम सर्व्हर नवी प्रत घेत नाही. मग उत्तर कोणी दिलं त्यावर मेलचं भवितव्य ठरतं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो महत्त्वाचा आहे. बिघाड दुरुस्त झाला हे कसं ठरवायचं?

अनियमित बिघाड आपोआपही थांबल्यासारखा वाटतो. कोणीतरी सर्व्हर बंद करून चालू करतं, पुढचा मेल जातो, आणि ‘झालं!’ असं जाहीर होतं. ह्याला आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, एवढंच.

थोडं गणित करू. निम्मे मेल परत येत असतील, तर काहीही दुरुस्त न करतासुद्धा लागोपाठ २ चाचण्या यशस्वी व्हायची शक्यता ४ मध्ये १ आहे. लागोपाठ १० यशस्वी व्हायची शक्यता १०२४ मध्ये १. म्हणजे तिथे १० चाचण्या पुरेत. पण २० मध्ये एकच मेल परत येत असेल, तर बिघाड तसाच असताना १० चाचण्या सुखरूप जायची शक्यता जवळजवळ ६० टक्के आहे! बिघाड जितका विरळ, तितकी खात्री करायला जास्त चाचण्या लागतात.

ह्याहून चांगला मार्ग म्हणजे अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही बघणं. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ च्या ग्रंथात हाच विचार साम्याची आणि भेदाची पद्धत म्हणून मांडला. अट असताना बिघाड होतो, ती काढली की होत नाही. मंडळाच्या प्रकरणात नोंद होण्याआधी एक चाचणी मेल मुद्दाम आयपीव्ही ६ ने पाठवला, तो परत आला. त्याच मिनिटाला आयपीव्ही ४ ने पाठवला, तो गेला. नोंद झाल्यावर पुन्हा आयपीव्ही ६ ने पाठवला, तोही गेला. तेव्हा कुठे आम्ही कारण सापडलं असं म्हटलं.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ‘२५०’ आलं म्हणजे समोरच्या सर्व्हरने मेल घेतला. तो त्या माणसाच्या मुख्य पेटीत पडला की स्पॅममध्ये, हे आपल्या लॉगमध्ये दिसत नाही. पण एवढ्यानेही कार्यवाह आणि सभासद यांच्यातला संवाद बदलतो. आता कार्यवाह म्हणू शकतात, ‘ताई, तुमच्या मेलसेवेने शुक्रवारी सकाळी तो स्वीकारल्याची नोंद आमच्याकडे आहे, जरा स्पॅममध्ये बघता का?’ किंवा, ‘तुमचं बरोबर आहे, तो परत आला होता, आता पुन्हा पाठवतो.’

आज इथेच थांबू. तुमच्याकडे असं प्रकरण असेल तर पुढच्या वेळी लॉगच्या ओळी घेऊन या, पण सभासदांचे पत्ते झाकून. दोन गठ्ठे आपण मिळून करू.